ताटावरचा रुमाल

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी न्यायचे ते रुमालाने झाकून, हा आमच्या घरचा दंडकच होता. उघडे ताट घेऊन कोणी जिना उतरू लागले, की आई स्वयंपाकघरातून हाक मारून त्याला परत बोलवी. तिच्याजवळ असे सात-आठ रुमाल होते. सगळे क्रोशाचे, तिने स्वतः विणलेले. एकाच्या कडेने द्राक्षांचे घड, एकावर नुसतीच चांदण्यांची नक्षी, आणि एकावर समोरासमोर बसलेले दोन मोर. हा मोरांचा रुमाल एका दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात गेला, तो परत आला नाही. ताट आले, रीतीप्रमाणे ताटात चमचाभर साखरही आली. रुमाल तेवढा राहिला. पुढे त्या मंडळींची बदली झाली. आईने तो कधी मागितला नाही. "मागायचा कसा ग?" एवढेच म्हणाली. पण नंतर वीस वर्षे, दर दिवाळीला ताटे भरताना, एकदा तरी ती म्हणत असे, "माझा मोरांचा रुमाल त्यांच्याकडेच राहिला."

हे सारे मला लख्ख आठवले ते जपानातल्या क्योतो शहरात. आणि आठवले तेव्हा व्हायचे ते होऊन गेले होते.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ नोकरीच्या निमित्ताने चार वर्षांपासून क्योतोत आहे. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर त्याला मुलगी झाली. भावजयीच्या आईचे गुडघे विमानप्रवासाला तयार नव्हते. तेव्हा "ताई, आत्या आल्याशिवाय बारसे व्हायचे नाही," असा भावाचा फोन आला. आत्याचा मान म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? परीक्षेच्या उत्तरपत्रिका कशाबशा हातावेगळ्या करून, डिंकाचे लाडू, चकल्यांचा डबा आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन मी ओसाकाच्या विमानतळावर उतरले. तेथून क्योतो आगगाडीने सव्वा तासाच्या वाटेवर आहे.

क्योतोविषयी आतापर्यंत इतके लिहिले गेले आहे, की देवळे आणि बागा यांच्यावर मी आणखी शाई खर्च करीत नाही. इ. स. ७९४ पासून हजाराहून अधिक वर्षे हे शहर जपानची राजधानी होते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. कारण राजधानीचा बाज अजून तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या चालण्याबोलण्यात आहे. भावाचे बिऱ्हाड शहराच्या वायव्येला, निशिजिन नावाच्या विणकरांच्या पेठेजवळ, एका जुन्या लाकडी घराच्या मागल्या भागात होते. रस्त्याकडे जेमतेम दोन दारांची रुंदी आणि आत मात्र लांबच लांब घर. अशा घराला तिथे 'वाम माशाचे अंथरूण' म्हणतात. आपल्या पुण्यातल्या पेठांतही अशी बोळकांडीवजा घरे होतीच. त्यांना असे नामी नाव कोणाला सुचले नाही, इतकेच. पुढच्या भागात घरमालकीण राहात. वय ऐंशीच्या पुढे, पाठीत किंचित वाकलेल्या, पण केस असे नीट बसवलेले की वाऱ्याचीही हिंमत होऊ नये. आम्ही त्यांना आपसात 'पुढच्या आजी' म्हणत असू.

बाळाच्या दहाव्या दिवशी सकाळी भाऊ कामावर गेलेला, भावजय आणि बाळ दोघी झोपलेल्या, अशा वेळी पुढच्या आजी आल्या. उंबऱ्याच्या आतल्या पायरीशी गुडघे टेकून बसल्या. हातात एक गाठोडे. त्याची गाठ त्यांनी सावकाश सोडली. आत काळ्या लाखेचे लहानसे तबक, आणि त्या तबकावर ते वस्त्र.

गर्द निळ्या साटिनवर समुद्राच्या लाटा भरलेल्या होत्या. लाटांचा फेस पांढऱ्या रेशमाचा. आणि त्यातून एक मोठे व एक लहान अशी दोन सोनेरी कासवे वर येत होती. कासवांना लांब झुपकेदार शेपट्या होत्या. कासवाला शेपूट कसले, असे मनात आले. पण सोन्याची तार अशी काही झळकत होती, की शंका घ्यायलाही धीर होईना. चारी कोपऱ्यांना जांभळे गोंडे. वस्त्र जेमतेम दीड हात लांबरुंद असेल. आजींनी तबक फिरवून त्याची पुढची बाजू माझ्याकडे केली आणि जमिनीला कपाळ लागेल इतक्या त्या वाकल्या. मीही वाकले. तबक उचलून आत नेऊन ठेवले आणि रिकाम्या हातांनी परत येऊन पुन्हा वाकले.

आजी बसून राहिल्या. मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी गाठोड्याचे फडके उचलले आणि त्याची घडी घालायला घेतली. अर्धी, पाव, मग त्याहून लहान. त्या घडी घालण्याला फार वेळ लागला. शेवटी त्या उठल्या आणि गेल्या. म्हातारे माणूस, गुडघ्यावर बसले की उठायला वेळ लागायचाच, असे मी मनाशी म्हटले.

वस्त्राखाली एक पाकीट होते, त्यात बाळासाठी पैसे. पाकिटावर लाल-पांढऱ्या दोऱ्यांची फुलगाठ होती. भावाने सांगितले, की बाळाच्या जन्माला अशी सहज सुटणारी गाठ बांधतात, कारण ही गोष्ट पुनःपुन्हा घडावी. लग्नाच्या पाकिटाची गाठ मात्र न सुटणारी असते, कारण ते पुन्हा घडू नये! हे भावाला ठाऊक होते. वस्त्राचे मात्र त्यालाही ठाऊक नव्हते. "भेटीतलेच असेल," तो म्हणाला. भावजयीला तर ते इतके आवडले, की बारशाला पाळण्यामागे टांगायचे तिने तेव्हाच ठरवून टाकले. तबकात घराच्या किल्ल्या राहू लागल्या.

बाराव्या दिवशी बारसे झाले. ओसाका-कोबेकडची चार मराठी कुटुंबे आली होती. पाळणा दुकानातला, त्याला दोन्ही बाजूंनी माझ्या साडीची झालर. मागे भिंतीवर ती निळी लाट आणि ती कासवे. मी पाळण्याला हळदकुंकू लावले, बाळाच्या कानात नाव सांगितले, पाठीत रीतीप्रमाणे धपाटे खाल्ले. आणि वस्त्राचा एक कोपरा सुटून खाली आला, तो मी पटकन धरून पुन्हा अडकवला. त्याच हाताने.

रात्री पाहिले तर लहान कासवाच्या शेजारी, फेसाच्या पांढऱ्याशुभ्र रेशमावर, माझ्या अंगठ्याचा पिवळाधमक ठसा. अस्तर लाल क्रेपचे होते, त्यावर बोट उमटले होते ते शोधावे लागले; पुढचा ठसा मात्र दारातून दिसत होता. वाईट वाटले. पण वस्तू आपलीच आहे या समजुतीने जेवढे वाटायचे तेवढेच वाटले.

मध्ये दिवाळी झाली. भावाने कागदाचा आकाशकंदील केला. आम्ही पुढच्या आजींना स्टीलच्या डब्यातून चकल्या आणि लाडू पाठवले. दुसऱ्याच दिवशी डबा परत आला. घासूनपुसून लख्ख, आणि आत घडी केलेला पांढरा कागद व एक काड्यापेटी. आम्ही खूप हसलो. पणत्या लावताना पाहून आजींना वाटले असेल, यांच्याकडे काड्यापेटी नाही!

दर महिन्याच्या २५ तारखेला क्योतोतल्या कितानो तेन्मांगू देवळाच्या आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. हे देऊळ नवव्या शतकातले विद्वान सुगावारा नो मिचिझाने यांचे. विद्येचा देव म्हणून परीक्षार्थी मुले तिथे नवस बोलायला येतात. मास्तरीणबाईंनी तिथे जायलाच हवे, असे ठरून भावाच्या कचेरीतली एक क्योतोचीच मुलगी माझ्यासोबत आली. जुन्या कपबश्या, किमोनो, घड्याळे यांतून फिरता फिरता एका दुकानापुढे मी थांबले. चटईवर रेशमी चौकोनांचा ढीग पडला होता. बगळे, पाइनची झाडे, खजिन्याने भरलेले गलबत. आणि प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांना गोंडे.

"अगंबाई, असेच आमच्याकडे आहे!" मी म्हटले आणि मोठ्या हौसेने फोनमधला बारशाचा फोटो तिच्यापुढे धरला.

ती मुलगी फोटोकडे पाहातच राहिली. मग हलक्या आवाजात तिने विचारले, "हे अजून तुमच्याकडेच आहे का?"

या वस्त्राला 'फुकुसा' म्हणतात. चहाच्या विधीत भांडी पुसायला साधा रेशमी फुकुसा असतो, तो वेगळा. हा भेटवस्तूवर पांघरायचा. भेट तबकात ठेवायची, वर फुकुसा घालायचा आणि तबक समोरच्याच्या हाती द्यायचे. त्याने आत जाऊन भेट काढून घ्यायची, फुकुसा डोळे भरून पाहायचा, त्याचे कौतुक करायचे, आणि तो तबकासकट देणाऱ्याला तिथल्या तिथे परत करायचा. रिकाम्या तबकात परत करायचा नाही. काही ना काही घालायचे. पैशांची भेट असेल तर क्योतोकडे तिचा दहावा हिस्सा कागदात घालून ठेवण्याचा रिवाज आहे. नाहीतर नुसता कोरा कागद, नाहीतर काड्यापेटी. काड्यापेटीच का? तर गंधकाला जपानीत 'इओउ' म्हणतात, आणि शुभ साजरे करणे याला 'इवाउ'. पूर्वी गंधक लावलेल्या लाकडी चिपा देत, त्यांची जागा पुढे काड्यापेटीने घेतली. श्लेष शिकवण्यात माझी हयात चालली आहे. पण परत आलेल्या डब्यात चक्क श्लेष घालून पाठवलेला असावा आणि तो मला कळू नये, याची मला त्या बाजारात उभ्या उभ्या लाज वाटली.

आणि त्याहून मोठी लाज पुढे होती. आजींनी आमचा डबा दुसऱ्या दिवशी परत केला होता. त्यांचा फुकुसा आमच्या भिंतीवर दहा दिवस टांगलेला होता. त्या पायरीवर का बसून राहिल्या, घडी का लांबली, ते आता उलगडले. आईचा मोरांचा रुमाल ज्या घरी राहिला, त्या घरच्या माणसांविषयी मी लहानपणापासून काय काय समजत आले होते. ती माणसे आता आम्हीच होतो.

सोबतची मुलगी मला धीर देत म्हणाली, की हल्ली तिच्या वयाच्या पुष्कळांना हे ठाऊक नसते. पैशाचे पाकीट ठेवायला दुकानात घडीचा लहान फुकुसा मिळतो, तेवढाच त्यांना माहीत. मोठा फुकुसा आता या भागात साखरपुड्याला, लग्नाला निघतो. एके काळी मात्र त्याचे राज्य होते. तोकुगावा शोगुनांच्या अमदानीत, म्हणजे सतराव्या शतकापासून १८६८ पर्यंत, सरदारांच्या आणि धनिक व्यापाऱ्यांच्या घरांतून भेटींची सारखी ये-जा चाले. कोणत्या प्रसंगी कोणता फुकुसा घालायचा यात घराण्याची अभिरुची पणाला लागे. लग्नात चित्र असायचे शिंपल्यांचे, कारण एका शिंपल्याचा अर्धा भाग दुसऱ्या कोणत्याही शिंपल्याला बसत नाही. नाहीतर पाइनच्या झाडाखालचे पांढऱ्या केसांचे जोडपे. मुलाच्या सणाला धबधबा चढून जाणारा मासा. बगळा हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार, अशी जपानी म्हण आहे. आणि माझ्या कासवांच्या शेपट्या म्हणजे त्या दहा हजार वर्षांत पाठीवर वाढलेले शेवाळ होते! मोठे कासव आणि लहान कासव. बाळाच्या जन्माला याहून नेमके काय घालणार? आणि हे न वाचताच मी त्यावर अंगठा उठवला होता. १८६८ नंतर सरदार घराण्यांचे दिवस फिरले, जुन्या वस्तू बाजारात आल्या, आणि युरोप-अमेरिकेतल्या रसिकांनी फुकुसा चौकटीत बसवून भिंतीवर लावले. लंडन आणि बॉस्टन येथील संग्रहालयांतही ते आहेत. भिंतीवर टांगणारी मी पहिलीच नव्हे, एवढेच काय ते समाधान.

आपल्याकडेही हिमाचलातले चंबा रुमाल ताटांवर पांघरण्यासाठीच भरतात, दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशा टाक्याने. फुकुसाच्या दोन बाजू मात्र वेगळ्या. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला घराण्याचे चिन्ह. आमच्या फुकुसाच्या मागे तीन पानांची एक पांढरी आकृती होती, तिच्याकडे मी धड पाहिलेही नव्हते. फोटो मोठा करून मुलीने सांगितले, हे 'काताबामी'. नंतर पाहिले तर ती आपली आंबुटी निघाली! तीच, कुंड्यांतून आणि फरशीच्या फटींतून उगवणारी, जिची आंबट पाने आम्ही शाळेतून येताना खात असू. कितीही उपटली तरी पुन्हा फुटते, म्हणून वंश वाढता राहावा या हेतूने तिला चिन्हात मान. मुलगी पुढे म्हणाली, "हे आजींच्या सासरचे नसेलही. आमच्या कान्साईत बायकांचे चिन्ह वेगळे असते. आईकडून मुलीकडे येते. लग्नात मुलीबरोबर जाणाऱ्या वस्तूंवर तेच घालतात."

म्हणजे वस्त्र माहेरचे. मला पुढे बाजार पाहवेना.

डाग निघतो का हे विचारायला ती मला जवळच निशिजिनमध्ये एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. निशिजिन म्हणजे 'पश्चिमेची छावणी'. १४६७ ते १४७७ या दहा वर्षांच्या यादवी युद्धात क्योतो जळून गेले, तेव्हा एका पक्षाची छावणी या जागी होती. युद्ध संपल्यावर पांगलेले विणकर परत येऊन इथे बसले. फुकुसा भरतात तसे विणतातही. त्या विणीत बाण्याचा धागा जागच्या जागी बसवण्यासाठी विणकर आपली नखे कानशीने घासून करवतीच्या दात्यांसारखी करतात. भरतकाम करणाऱ्या बाई चौकटीपुढे बसल्या होत्या, एक हात कापडावर आणि एक कापडाखाली. सुई वरून खाली आणि खालून वर जात होती. रेशमाला पीळ नसतो. पीळ हवाच असेल तर दोन तळव्यांत धागा वळून तो त्या स्वतः घालतात. सोन्याची तार ही खरी तार नव्हेच. कागदावर लाख लावून वर सोन्याचा वर्ख बसवायचा, त्या कागदाच्या केसासारख्या पट्ट्या कापायच्या आणि रेशमाच्या दोऱ्याभोवती गुंडाळायच्या. असली तार कापडातून ओढली तर तिचे सोने निघून येईल. म्हणून ती नुसती वर ठेवतात आणि बारीक रेशमाच्या टाक्यांनी जागोजाग टाचून घेतात. माझ्या मोठ्या कासवाची पाठ म्हणजे असे शेकडो टाके होते.

बाईंनी फोटो पाहिला, मान हलवली. पाणी लावू नका, म्हणाल्या. पाण्याने सोने सुटेल, रेशीम बसेल, आणि डाग पसरेल. आहे तसे परत करा.

त्या संध्याकाळी मी, भाऊ आणि भावजय, बाळाला घेऊन पुढच्या दारी गेलो. तबकातल्या किल्ल्या काढल्या होत्या. दहावा हिस्सा कागदात घालून ठेवला. आणि शेजारी एका लहान वाटीत साखर. ती ठेवल्यावाचून माझा हात मोकळा होईना. भावाने जपानीत माफी मागितली. ती फार लांब असावी, कारण त्याचे कान लाल झाले. मी फुकुसा उलगडून डागावर बोट ठेवले. लपवून घडीत देण्याचा मोह झाला नाही असे नाही.

आजींनी डाग पाहिला. चष्मा काढून पुन्हा पाहिला. "हे काय आहे?" असे त्यांनी विचारले असावे. भाऊ हळदीचा जपानी शब्द शोधू लागला, फोनवर सापडला. "उकोन," तो म्हणाला.

"उकोन?" आजी म्हणाल्या. त्या उठल्या, आत गेल्या. बऱ्याच वेळाने लाकडाची एक चपटी पेटी घेऊन आल्या. पेटी रिकामी होती. तळाशी फक्त एक जुने सुती फडके, घडी मोडून मऊ झालेले. पिवळे. हळदीच्या रंगाचे. कसर लागू नये म्हणून किमोनो आणि मोलाच्या वस्तू हळदीत रंगवलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्याची तिकडे जुनी चाल आहे. हा फुकुसा सत्तर-एक वर्षे त्या पिवळ्या फडक्यात राहिला होता. आजींनी तो डागासकट त्यात ठेवला, फडक्याची चारी टोके वर आणली, आणि पेटीचे झाकण लावले.

"राग गेला का त्यांचा?" मी बाहेर आल्यावर विचारले.

"क्योतोच्या माणसाच्या मनातले कधी कळत नाही, ताई," भाऊ म्हणाला. "इथे चहा आणखी हवा का विचारले, तरी त्याचा अर्थ काय घ्यायचा याची पंचाईत असते."

त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी पुढच्या आजी पुन्हा पायरीशी येऊन बसल्या. गाठोडे सोडले. काळे तबक, आणि त्यावर निळ्या लाटा. दोन कासवे. लहान कासवाशेजारी पिवळा अंगठा, तबक फिरवल्यावर बरोबर माझ्यासमोर आलेला. खाली प्रवासासाठी भाताच्या कुरकुरीत वड्यांची पुडी होती.

मी वाकले, तबक आत नेले. पुडी काढून घेतली. फुकुसा दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडात नीट पाहिला. लाटा, शेवाळाच्या शेपट्या, उलटून आंबुटीची तीन पाने. मग तो तबकावर पूर्वीसारखा घातला. खाली एक काड्यापेटी आणि कागदाच्या पुडीत साखर ठेवली, आणि धावतच बाहेर आले, न जाणो आजी उठून जायच्या.

त्या बसून होत्या. तबक घेताना त्यांनी फुकुसाचा कोपरा वर करून खाली काय आहे ते पाहिले, आणि तोंडावर हात धरून हसल्या. मग फडक्याची गाठ बांधली. या वेळी तिला मुळीच वेळ लागला नाही.